पकड झाल्यानंतरचा खेळ

पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्स मैदानावर २८ ऑक्टोबर २०२३ रोजी रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. दक्षिण आफ्रिका १२, न्यूझीलंड ११. रग्बीत सगळ्यात मोलाचा असतो तो ट्राय. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू नेऊन जमिनीला टेकवायचा, की पाच गुण. त्या रात्री असा ट्राय एकच झाला, आणि तो हरलेल्या न्यूझीलंडच्या बोडन बॅरेटने केला. दक्षिण आफ्रिकेचे बाराच्या बारा गुण हांड्रे पोलार्डने मारलेल्या चार पेनल्टींचे. समोरच्याने नियम मोडला की मिळणारी, खांबांमधून मारायची ही किक, प्रत्येकी तीन गुणांची. त्यातली चौथी ३४व्या मिनिटाला. त्यानंतर सामना संपेपर्यंत विजेत्या संघाच्या नावापुढे एकही गुण चढला नाही.

आता या सामन्याची पाच मिनिटांची हायलाइट्स बघा. एक माणूस दोन खांबांमधून चेंडू मारताना चार वेळा दिसेल, एक ट्राय दिसेल, न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन कार्ड मिळून बाहेर बसलेला दिसेल आणि शेवटी हिरव्या जर्सीतली माणसं एकमेकांना मिठ्या मारताना दिसतील. बघणारा म्हणेल, यात आहे काय? मी तो सामना अख्खा पाहिला. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. उत्तरार्धात न्यूझीलंड एक माणूस कमी असताना चाल करून येत होतं आणि दक्षिण आफ्रिका एका गुणाच्या आघाडीवर उभी राहून अडवत होती. पीटर-स्टेफ डू टॉयने त्या सामन्यात एकट्याने २८ टॅकल केले. प्रत्येक टॅकल म्हणजे शंभर-सव्वाशे किलोचा धावता माणूस जमिनीवर आणायचा, उठायचं, पुन्हा रांगेत जाऊन उभं राहायचं. शिट्टी वाजली तेव्हा माझेच खांदे आखडले होते.

म्हणून ज्याने रग्बी कधी पाहिलेली नाही असा कोणी विचारतो, “बघण्यासारखं आहे का रे त्यात काही?” तेव्हा मी मनापासून हो म्हणतो आणि लगेच एक अट घालतो. मोबाइलवरच्या क्लिपा बघू नकोस, एक सामना सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघ. क्लिपमध्ये जे कापून टाकलेलं असतं, तीच रग्बी.

माझी आत्या लग्नाआधी सांगलीकडे कबड्डी खेळायची. ती कोपऱ्यात उभी असायची, म्हणजे चढाईला आलेल्याचा घोटा धरणं हे तिचं काम. एकदा माझ्याबरोबर ती रग्बी बघायला बसली. पहिली दहा-पंधरा मिनिटं तिची कुरकुर चालली होती, “हे तर नुसते एकमेकांवर पडून ढीग करतायत.” मग एकाएकी ती पुढे सरकून बसली. “अरे, पडता पडता त्याने चेंडू आपल्या माणसांकडे ठेवला बघ.” मी तिला एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. कबड्डीत पकड झाली की चढाई संपली, शिट्टी वाजते, पुढची चढाई सुरू. रग्बीत पकड झाल्यावर शिट्टी वाजत नाही. खरा झगडा तिथून सुरू होतो, आणि तो तिच्या नजरेने बरोबर टिपला होता.

काय होतं ते सांगतो. रग्बीत चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. बाजूला द्या, मागे द्या, पुढे नाही. त्यामुळे चेंडू असलेल्या माणसापुढे त्याचा एकही साथीदार नसतो, समोर फक्त विरोधी संघाची भिंत. तो त्या भिंतीवर जाऊन आदळतो. त्याला धरून खाली पाडलं की नियम असा, की पाडणाऱ्याने त्याला सोडून बाजूला व्हायचं आणि पडलेल्याने चेंडू सोडायचा. चेंडू क्षणभर कोणाचाच नसतो. दोन्हीकडचे लोक धावत येतात, पण येताना आपल्या बाजूने, मागून यायचं, कडेने घुसायचं नाही आणि पायांवर उभं राहायचं. बचाव करणाऱ्यांपैकी जो आधी पोचतो, तो उभ्याउभ्या वाकून चेंडूला हात घालतो. पडलेल्याने चेंडू धरून ठेवला तर पेनल्टी. त्याच्या साथीदारांनी वेळेवर येऊन त्या वाकलेल्या माणसाला रेटून मागे नेलं, तर चेंडू त्यांचा राहतो. या सगळ्याला दोन-तीन सेकंद लागतात. अशा झटापटी एका सामन्यात शंभराहून जास्त होतात आणि त्यांना रक म्हणतात.

नवीन माणूस चेंडूमागे डोळे फिरवतो. ते स्वाभाविक आहे, आपण क्रिकेट बघून मोठे झालो. पण रग्बीत चेंडू दिसेनासा झाला की डोळे ढिगाऱ्यावरून काढून दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसं मोजायची. हल्ला करणाऱ्या संघाने ढिगाऱ्यात तीन माणसं घातली आणि बचाव करणाऱ्यांनी एकच, तर बाहेर बचावाची रांग दाट राहिली. उलट झालं, तर कुठेतरी रांगेला भोक पडलं. प्रत्येक धडकेला ही बाकी बदलते. एकदा, दोनदा, दहादा आदळून हल्ला करणारा संघ समोरच्याला एकाच कडेला गोळा करतो आणि मग चेंडू भराभर हातोहात दुसऱ्या कडेला नेतो. तिथे शेवटी एखादा बारीक चणीचा विंगर, म्हणजे कडेने धावणारा खेळाडू, मोकळा धावताना दिसतो. क्लिप सुरू होते ती इथून. त्या विंगरसाठी जागा करताना ज्यांची तोंडं चिखलात गेली, ते क्लिपमध्ये नसतात.

हे एकदा दिसायला लागलं की जर्सीवरच्या आकड्यांचाही अर्थ लागतो. पंधरा खेळाडू असतात आणि आकडा म्हणजे काम. १ ते ८ हे रेटणारे, झटणारे, ९ आणि १० हे चाल ठरवणारे, पुढचे धावणारे. दक्षिण आफ्रिकेच्या संघात सहा फूट आठ इंचांचा एबेन एत्झेबेथ आणि ऐंशी किलोच्या आसपासचा, माझ्या-तुमच्या उंचीचा चेस्लिन कोल्बे एकाच वेळी मैदानावर असतात, आणि दोघांपैकी एकावाचूनही भागत नाही. मला या खेळाचं प्रेम लागलं त्याचं हे मोठं कारण. ठेंगणा, लठ्ठ, किडकिडीत, ताडमाड, सगळ्यांना इथे आपापली जागा आहे आणि त्या जागेला नंबर आहे.

नियम पाठ करून सामन्याला बसू नका. रग्बीच्या पंचाच्या अंगावर मायक्रोफोन असतो आणि तो काय बोलतो ते घरबसल्या ऐकू येतं. नवख्यासाठी यासारखा दुसरा शिक्षक नाही. तो सतत बोलत असतो. “रिलीज”, “रोल अवे”, “हँड्स ऑफ”, “यूज इट”. कोणाला काय सोडायचं, कोणी बाजूला व्हायचं, कोणी आता हात लावायचा नाही, हे तो शिक्षा करण्याआधी बजावतो. शिट्टी वाजवली तर का वाजवली तेही सांगतो. त्याच्याशी बोलायचं ते कर्णधाराने, तेही अदबीने. बाकी पोरं तोंडातून चकार शब्द काढत नाहीत. चूक झाली पण चेंडू समोरच्यांच्याच हातात गेला, तर पंच एक हात लांब करून खेळ चालू ठेवतो. त्यातून काही साधलं नाही, तर मागे येऊन पेनल्टी देतो. शांतपणे ऐकत राहिलात तर मध्यंतरापर्यंत निम्मे नियम आपोआप कळलेले असतात.

स्क्रमचं मात्र तसं नाही. तिथे थोडं थांबून सांगावं लागेल, कारण बहुतेक नवे प्रेक्षक तिथेच उठून चहा टाकायला जातात. छोटी चूक झाली, चेंडू हातातून पुढे निसटला, की स्क्रम लागतो. आठ जण या बाजूचे, आठ त्या बाजूचे, खांद्याला खांदा भिडवून वाकतात. पंच म्हणतो, “क्राउच, बाइंड, सेट”, आणि दोन्हीकडची मिळून दीड-पावणेदोन टन वजनाची माणसं एकमेकांत घुसतात. पुष्कळदा सगळंच कोसळतं, पुन्हा उभारावं लागतं, मिनिटं जातात. कंटाळा येतो हे खरं आहे, आणि रग्बीच्या चाहत्यांनी ते नाकारू नये. ऐंशी मिनिटांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो अर्ध्याहून कमी वेळ.

पण त्याच विश्वचषकाचा उपांत्य सामना आठवा. इंग्लंडने एकही ट्राय न करता १५-६ अशी आघाडी घेतली होती. पाऊस होता, चेंडू निसरडा होता, इंग्लंडने तो उंच उंच मारून दक्षिण आफ्रिकेला हैराण केलं होतं. दक्षिण आफ्रिकेने पुढच्या फळीतले ताजे गडी आत आणले, त्यात ऑक्स न्चे. तेव्हापासून प्रत्येक स्क्रममध्ये इंग्लंडचा एक खांदा हळूहळू वर उचलला जाऊ लागला. आर. जी. स्नायमनने ट्राय केला, ट्रायनंतरच्या किकचे दोन जादा गुणही मिळाले, १५-१३ झालं. सामना संपायला दोन-तीन मिनिटं असताना मैदानाच्या मध्याजवळ आणखी एक स्क्रम लागला. इंग्लंडचा स्क्रम मोडला, पेनल्टी मिळाली, आणि पोलार्डने ती जवळपास पन्नास मीटरवरून मारली. १६-१५. पोलार्ड स्पर्धेसाठी निवडलेल्या मूळ संघात नव्हताच. मॅल्कम मार्क्स जखमी झाला म्हणून नंतर आला होता. सगळ्यांच्या लक्षात राहिला तो पोलार्डचा पाय. मला मात्र त्याआधीची ती चार-पाच सेकंदं पुन्हा पुन्हा बघावीशी वाटतात. आठ माणसांनी एकाच क्षणी गुडघे सरळ केले, आणि तिथेच सामना फिरला.

त्याच्या आठवडाभर आधी, फ्रान्सविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात, दक्षिण आफ्रिकेच्या डेमियन विलेमसेने आपल्याच गोलरेषेजवळच्या पट्ट्यात समोरून आलेला चेंडू हवेत झेलला. अशा वेळी झेलणाऱ्याला फ्री किक मिळते आणि जगातला कुठलाही संघ चेंडू लांब मारून सुटकेचा श्वास घेतो. विलेमसेने हातांनी खूण केली, आम्हाला स्क्रम हवा. स्वतःच्या घराच्या उंबऱ्यात, समोर फ्रान्स, भोवती फ्रान्सचेच ऐंशी हजार लोक. एवढा उघड आत्मविश्वास मी कुठल्याही खेळात क्वचित पाहिला आहे.

त्याच सामन्यात कोल्बेने केलं ते तर शाळकरी पोरांना दाखवावं असं. ट्राय झाल्यावर दोन जादा गुणांसाठी किक मारतात. तेव्हा बचाव करणारे आपल्या गोलरेषेवर उभे असतात. मारणारा हलला की त्यांना धावत सुटायची मुभा असते, पण ती किक अडवणं जवळपास अशक्य, त्यामुळे बहुतेक जण उपचार म्हणून चार पावलं टाकतात. फ्रान्सच्या दुसऱ्या ट्रायनंतर तोमा रामोस किक मारायला पुढे सरला आणि कोल्बे गोलरेषेवरून जीव तोडून धावला. चेंडू त्याच्या हातांवर आपटून पडला. दोन गुण गेले. सामना दक्षिण आफ्रिकेने २९-२८ असा जिंकला. उपांत्यपूर्व, उपांत्य, अंतिम, तिन्ही सामने एकेका गुणाने.

आणि त्या संघाचा कर्णधार सिया कोलिसी. दक्षिण आफ्रिकेच्या संघाला स्प्रिंगबॉक म्हणतात. ती हिरवी स्प्रिंगबॉक जर्सी एके काळी वर्णद्वेषी राजवटीची खूण मानली जायची. १९९५ साली नेल्सन मंडेला ती घालून, पाठीवर कर्णधार फ्रान्स्वा पिनारचा ६ नंबर घेऊन, जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर उतरले, तेव्हा संघात कृष्णवर्णीय म्हणावा असा एकच खेळाडू होता, चेस्टर विल्यम्स. झ्वीडे नावाच्या गरीब वस्तीत आजीपाशी वाढलेला कोलिसी २०१८ मध्ये कसोटी कर्णधार झाला, तो त्या देशाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार. त्याच्याही पाठीवर ६ नंबर, आणि त्याने विश्वचषक दोनदा उचलला, २०१९ आणि २०२३.

इथे एक गोष्ट मी टाळणार नाही, कारण बघावं की नाही या प्रश्नाचा खरा काटा तिथे आहे. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडचा हूकर, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेतला मधला गडी, स्टीव्ह थॉम्पसन याने २०२० मध्ये जाहीर केलं, की तो विजय त्याला आठवतच नाही. चाळिशी उलटते न उलटते तोच त्याला डिमेन्शियाचं निदान झालं. डोक्याला बसलेल्या लहानमोठ्या माराबद्दल अनेक माजी खेळाडू खेळाच्या संघटनांविरुद्ध कोर्टात गेले आहेत. हे वाचल्यापासून मी जोरदार धडकांचे व्हिडिओ बघणं सोडून दिलं. आजचे नियम बदलले आहेत. खांद्याच्या वर टॅकल करायचा नाही, डोक्याला मार बसल्याची शंका आली तरी खेळाडूला बाहेर काढून तपासायचं. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, जगभर लोक बघत असताना, न्यूझीलंडच्या कर्णधाराला बाहेर काढलं गेलं ते दक्षिण आफ्रिकेच्या जेसी क्रीएलच्या डोक्याला खांदा लागला म्हणून. पुरुषांच्या अंतिम सामन्यातलं ते पहिलं लाल कार्ड. ते बघून मला बरं वाटलं, पण एवढ्याने मन निर्धास्त होत नाही. ज्या धडकेला खेळ स्वतः लाल कार्ड दाखवतो, तीच धडक संगीत लावून रीलमध्ये विकली जाते. निदान त्याचे गिऱ्हाईक आपण होऊ नये, एवढं प्रेक्षकाच्या हातात आहे. आपलं पोर खेळायला पाठवायचं असेल, तर प्रशिक्षकाला आधी टॅकलच्या उंचीबद्दल विचारावं.

आपल्याकडे हा खेळ परका आहे असं म्हणतात, पण इतका परका नाही. इंग्लंड आणि स्कॉटलंड दर वर्षी ज्या चषकासाठी भिडतात, तो कलकत्ता कप. कलकत्त्यातला इंग्रजांचा रग्बी क्लब १८७८ मध्ये मोडला. बँकेत उरलेले पैसे चांदीच्या रुपयांत काढून, ते वितळवून तो घडवला. त्याच्या मुठी नागांच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. १८७९ पासून त्यासाठी सामने होतात. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर पावसाळ्यात रग्बी चालते. क्रिकेटवाले छत्र्या घेऊन घरी बसतात तेव्हा त्या गवतावर ही मंडळी चिखलाने माखलेली असतात. कुंपणाबाहेर उभं राहून मी जे पाहिलं, त्यात पडद्यावर न येणारं काहीतरी होतं. दोन माणसं आदळतात त्याचा आवाज. अभिनेता राहुल बोस भारताकडून खेळला आणि पुढे राष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष झाला. २०२५ च्या जूनमध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली, सहा संघांची, आणि पहिलं विजेतेपद चेन्नई बुल्सने नेलं.

ही लीग सात-सात खेळाडूंच्या रग्बीची. या प्रकारात एरवी सात मिनिटांचे दोन भाग, चौदा मिनिटांत सामना खलास. नवख्यांना बहुतेक जण हीच आधी दाखवतात, आणि फिजीचे लोक ती खेळताना बघणं हा आनंदच आहे. त्या छोट्या देशाने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला ४३-७ असं हरवून आपलं आयुष्यातलं पहिलं ऑलिंपिक पदक मिळवलं, तेही थेट सुवर्ण. तरी माझं मत वेगळं आहे. सातांच्या खेळात मैदान मोकळं, धावणं भरपूर, आणि ढिगाऱ्याचं ते गणित जवळजवळ नाहीसं. ते आवडतं पटकन आणि विसरतंही पटकन. खेळायला सुरुवात सातांपासून करावी, बघायला पंधरांपासून.

मग पहिला सामना कुठला? मी सगळ्यांना एकच देतो. ब्रायटन, १९ सप्टेंबर २०१५, जपान विरुद्ध दक्षिण आफ्रिका. दक्षिण आफ्रिका तेव्हा दोन वेळची जगज्जेती. जपानने तोवर विश्वचषकात एकच सामना जिंकलेला, १९९१ मध्ये, झिम्बाब्वेशी. पहिल्या अर्ध्या तासात लक्षात येतं की जपानी खेळाडू खाली, फार खाली वाकून टॅकल करतायत, पायांपाशी, आणि पडल्यावर समोरच्यापेक्षा लवकर उठतायत. दुसरं काही बघू नका, उठण्याचा वेग बघा. ऐंशी मिनिटं संपत आली तेव्हा २९-३२. जपानला पेनल्टी मिळते. खांबांमधून मारली तर तीन गुण, बरोबरी, आणि दक्षिण आफ्रिकेशी बरोबरी म्हणजे जपानसाठी इतिहास. प्रशिक्षक एडी जोन्सलाही तेच हवं होतं. कर्णधार मायकल लीचने स्क्रम मागितला. रग्बीत वेळ संपली तरी चेंडू मरेपर्यंत सामना संपत नाही. वेळ संपून गेलेली, एक चूक आणि सगळं गेलं. जपानने चेंडू उजवीकडे नेला, अडला, परत आणला, डावीकडे लांब फेकला, आणि कोपऱ्यात कार्न हेस्केथ रेषेपलीकडे पडला. ३४-३२.

तो आवडला तर २०२३ चा फ्रान्स-दक्षिण आफ्रिका सामना बघा, आणि मग सुरुवातीला सांगितलेला अंतिम सामना. पुढचा पुरुषांचा विश्वचषक १ ऑक्टोबर २०२७ पासून ऑस्ट्रेलियात आहे, पहिल्यांदाच चोवीस संघांचा. तिथले संध्याकाळचे सामने आपल्याकडे दुपारी दिसतील. जागरण करावं लागणार नाही. जपानने खेळायला सुरुवात केली की त्यांच्या घोट्यांकडे लक्ष ठेवा.